सीपर्यंतचे शब्द

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१८ सप्टेंबर

उदय,

त्या दिवशी सकाळी नळ साडेसहाला आला. मी दोन बॅरल भरले, कपडे पिळून दोरीवर टाकले, चार भाकऱ्या थापल्या, पूर्णिमाच्या डब्यात वांग्याची भाजी भरली. ती क्लासला गेल्यावर तिच्या खोलीतला केर काढायला घेतला. टेबलाखाली तिची वही उघडी पडली होती. झाडू लागून पान दुमडलं म्हणून उचलली, पान सरळ केलं, आणि त्यावरचा एक इंग्रजी शब्द माझ्याकडून वाचला गेला. तो मला येत होता, म्हणून त्याच्यापुढचं वाक्यही वाचलं. नसतं वाचलं तर आज तुला लिहायला बसले नसते.

फाडायच्या आधी एवढं वाच. तुझी पोरगी बरी आहे. जेवते, क्लासला जाते, तिथून अभ्यासिकेत बसते, सातला घरी येते. तुला फोन लागतो, पण माझा नंबर दिसला की तू कट करतोस. म्हणून कागद घेतला.

दोन वर्षं झाली. लग्नाची सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी ती एक पिशवी घेऊन कोडोलीहून एसटीनं माझ्या दारात आली. दुसऱ्या दिवशी तू आलास आणि गल्लीत उभा राहून बोललास. "तुला पोरबाळ न्हाय म्हणून माझी पोरगी पळवलीस, आक्का." पुढं तिलाही एक वाक्य बोललास. ते मी इथं लिहीत नाही.

ती सरकारी नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करते. क्लासचे सर रोज दहा इंग्रजी शब्द देतात. शब्द लिहायचा, अर्थ लिहायचा, आणि वाक्यात उपयोग करायचा. वाक्य पुस्तकातलं नको, स्वतःच्या आयुष्यातलं हवं, म्हणजे शब्द डोक्यात राहतो, असं सरांचं म्हणणं. जूनमध्ये एपासून सुरू केलंय, परीक्षेआधी झेडपर्यंत जायचंय.

मला इंग्रजी कुठून आलं, हे तुला ठाऊक नसेल. तुझे दाजी छापखान्यात मशिनवर होते, तेव्हा मी घरी फर्मे मोडायचे. म्हणजे छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालायच्या आणि पानं जुळवायची. एका वर्षी इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम आलं. ए ते सी माझ्याकडे, पुढचं मंगळवार पेठेतल्या दोन बायकांकडे. खराब निघालेले कागद दाजींनी फेकू दिले नाहीत. "ठेव, कवातरी वाचशील," म्हणाले. ते गेल्यावर घरात बोलायला कोणी राहिलं नाही, तेव्हा मी ते कागद काढले. दिवसाला दहा शब्द पाठ करायचे. नऊ वर्षांत ए ते सी मला तोंडपाठ झाले. डी सुरू झाला की शाळेतले चार सोपे शब्द सोडले तर मी आंधळी.

तर तो शब्द होता अबँडन. टाकून देणं, सोडून जाणं. पूर्णिमाचं वाक्य इंग्रजीत होतं, मी मराठीत लिहिते. 'माझ्या वडिलांनी मला टाकून दिलं आहे.'

मी वही होती तिथं ठेवली. शब्दकोशात अशी वाक्यं किती वाचलीत मी. कुणाचं जहाज बुडतं, कुणाचा भाऊ तुरुंगात जातो. ती माणसं कुणाचीच नसतात, शब्द कसा वापरायचा ते दाखवायला आलेली असतात. मला वाटलं, तिनंही तसंच लिहिलं असेल.

याला तीन आठवडे झाले. मधे मी आणखी पानं वाचली. बर्डन म्हणजे ओझं. 'मी माझ्या आत्तीवर ओझं आहे.' हे तिच्या डोक्यात कुठून आलं, मला ठाऊक नाही. सीज म्हणजे थांबणं, बंद होणं. 'मी थांबले तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.'

प्रत्येक पानाखाली लाल शाईनं बरोबरची खूण आहे आणि गुड लिहिलंय.

फोन उचल.

आक्का


२६ सप्टेंबर

उदय,

आधीचं पत्र पोस्टात टाकलं नाही. पाकीट चिकटवलं, पत्ता घातला, आणि डब्यामागं ठेवलं. तुला कळलं तर तू गाडी घेऊन येशील, तिला हाताला धरून नेशील, आणि महिन्याभरात कुणाच्या तरी दारात उभी करशील. तिथं तिची वही कोण बघणार? आणि नाही कळवलं तर जे होईल ते माझ्या घरात होईल. दोन्ही बाजूंनी भीती आहे.

जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पूर्ण शब्दकोश आणला. ती साडेआठला गेली की मी वही काढते आणि चष्मा लावून बसते. डीपासून एकेक शब्द शोधायचा, मग वाक्य लावायचं. एका पानाला दुपार जाते. ती आदल्या दिवशी भरलेली वही घरी ठेवते आणि नवीन पानं सुटी नेते, सरांची सही झाली की रात्री वहीत लावते, म्हणून हे जमतं. वाचून झालं की जशी होती तशी, त्याच कोनात ठेवते. चोर झालेय मी ह्या वयात.

डीमधलं एक वाक्य तुझं आहे. लिहून घेतलंय, पण आज सांगत नाही.

जुलैत पहिल्या परीक्षेचा निकाल लागला. थोडक्यात हुकली. मी म्हटलं, "हुकूं दे, परत दे की." ती हसली आणि भांडी घासायला बसली. त्या दिवशीचा शब्द फेल्युअर होता. वाक्यात फक्त दोन शब्द होते, तिचं नाव आणि तो.

तिला बघून काही कळत नाही, हीच भीती मोठी आहे. शेजारची बायडाबाई तुला आठवत असेल, जी तुझ्या लग्नात तिखट कमी पडलं म्हणून आचाऱ्याशी भांडली होती. ती परवा दारात येऊन म्हणाली, "व्हय गं, तुझी भाची लईच शाणी झालीया. माझ्या नातीला आपलं घड्याळ दिलं. म्हटलं कशाला गं, तर म्हणती मला आता टाइम बघायला लागत न्हाय."

मी विचारलं, "कवा दिलं?"

"मंगळवारी. का? परत पायजे व्हय? पोरगी मनगटातनं काढंना झालीया ते."

"नको, ऱ्हाऊं दे," म्हटलं. घरात येऊन पाटावर बसले. दहावीला पहिली आली म्हणून तूच ते घड्याळ घेतलं होतंस.

त्याच दुपारी सुताराला बोलावून तिच्या खोलीची आतली कडी काढून टाकली. न्हाणीचीही काढली. संध्याकाळी आल्यावर तिनं दाराकडं बघितलं. मी आधीच म्हटलं, "गंजली होती." कडी नवीन होती, उदय. पाडव्यालाच बसवली होती. तिला ते ठाऊक होतं.

आता एक कबूल करते. ओझं हा शब्द कुठून आला, मला ठाऊक आहे. जूनमध्ये बायडाबाई म्हणाली, "तुझं बरं हाय बाई, म्हातारपणाला पोरगी आली." आणि मी मोठेपणा करायला म्हणाले, "कसलं बरं? बापानं टाकलेलं वझं हाय, वाहायचं झालं." पूर्णिमा आत चहा गाळत होती. चहा आणून दिला तिनं आम्हाला. बायडाबाईला साखर कमी लागते, हेही ती विसरली नाही.

आक्का


४ ऑक्टोबर

उदय,

आज मी क्लासला गेले. ती अभ्यासिकेत गेल्याची खात्री करून जिना चढले. सर तरुण आहेत. टेबलावर वह्यांचा ढीग. मी पूर्णिमाचं नाव सांगितलं.

"हो, हो, बसा काकू. पूर्णिमा म्हणजे माझी हुशार विद्यार्थिनी. यंदा निघेल ती."

"तिची वाक्यं वाचता का तुम्ही?"

"वाचतो की. रोज सही असते माझी."

"काय लिवलंय तिनं?"

सर हसले. त्यांना वाटलं, अडाणी बाई पोरीच्या अभ्यासाची चौकशी करायला आलीय. "काकू, साडेतीनशे वह्या येतात. मी स्पेलिंग बघतो, शब्द बरोबर जागी बसलाय का ते बघतो. हिचं एकही वाक्य चुकलेलं नाही."

मी लिहून नेलेला कागद त्यांच्यापुढं ठेवला. सीजचं वाक्य होतं, आणि परवाचं रिलीफचं. रिलीफ म्हणजे सुटका, जीव हलका होणं. 'मी गेल्यावर आत्तीला हलकं वाटेल.' त्यांनी वाचलं. आधी ओठ हलले, जसे पोरांचे हलतात. मग परत वाचलं. चेहरा उतरला त्यांचा.

"हे… मी… असं लिहितात मुलं कधीकधी, काकू. टेन्शन असतं."

"असं किती पोरं लिवतात?"

त्यांनी वह्यांच्या ढिगाकडं बघितलं. मी उठले तेव्हा ते जिन्यापर्यंत आले. एका डॉक्टरीणबाईंचं नाव त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, सरकारी दवाखान्यात असतात, मनाच्या आजाराच्या. म्हणाले, "मी बोलू का तिच्याशी?" मी म्हटलं, "आधी मला बोलू द्या." तो माणूस वाईट नाही. शब्द बरोबर जागी बसला की त्याचं काम संपतं, असं त्याला वाटत होतं. मलाही तीन आठवडे तसंच वाटत होतं की.

परत येताना बिनखांबी गणेशापाशी बायडाबाई भेटली. "तोंड असं का झालंय? कोण गेलं व्हय?" तिला बोलायची तीच रीत आहे, पण माझे पाय रस्त्यातच थांबले. तिला सगळं सांगितलं, भाजीच्या गाड्याशेजारी उभी राहून. मी आजवर घरातलं बाहेर सांगितलेलं नाही. दाजींच्या आजाराचंही शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. ती एवढी बडबडी बाई, पण कोथिंबिरीची जुडी हातात तशीच. मग म्हणाली, "मी येती दुपारचं तुझ्याकडं बसायला. पापड लाटायचं निमित्त करू. पोरगीला एकटं ठेवायचं न्हाय."

घरी आले आणि वही बघितली. टेबलावर नव्हती. खाली नव्हती. गादीखाली, कपाटात, कुठंच नव्हती. आज ती वही बरोबर घेऊन गेलीय. मी वाचायला लागल्यापासून पहिल्यांदा.

आता सव्वासहा झालेत. सातला येते ती. मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहते.

सात वाजून दहा मिनिटं. आली. वही पिशवीत होती. भाकरी खाल्ली तिनं, एकच.

हे पत्रही आज टाकत नाही. विचारायचं धाडस होत नाहीये मला. विचारलं आणि तिच्या मनात नसलेलं मीच घातलं तर? बायडाबाई म्हणते, "असली गोष्ट कुणाच्या इचारण्यानं मनात येती व्हय? असली तर असती." तिचं पटतंय, पण जीभ उचलत नाही.

आक्का


१४ ऑक्टोबर

उदय,

चारही पत्रं एकत्र पाठवतेय. क्रमानं वाच. पूर्णिमा समोर बसलीय. तिला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, "आबास्नी सांग, पर मी हितं असताना लिव्ह." म्हणून मी एकेक ओळ तिला वाचून दाखवते. दोन ठिकाणी तिनं खोडायला लावलं, ते खोडलंय.

रविवारी दुपारी आम्ही दोघी लसूण सोलत बसलो होतो, मसाल्यासाठी. बायडाबाई नुकतीच घरी गेली होती. मी मनात दहा वेळा वाक्य जुळवलं होतं. सगळं विसरले आणि तोंडातून सरळ निघालं.

"पूर्णे, मरायचा इचार हाय का तुझा?"

तिचा हात थांबला नाही. एक पाकळी सोलली, ताटलीत टाकली. "कोण म्हणालं?"

"तुझी वही."

"तुला कुठं इंग्रजी येतंय, आत्ती?"

"सीपत्तूर येतंय. म्होरलं डिक्शनरीत बघितलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग हसायला लागली. "आत्ती, सगळी वही? एकेक शब्द बघून?" "व्हय," म्हटलं. "लई अवघड लिवतीस तू. एका एफला मला दोन दिवस गेले." ती हसत होती आणि हसता हसता तिचं रडं कधी सुरू झालं, मला कळलं नाही. लसणाच्या हातानं डोळे पुसले आणि मग डोळे झोंबून आणखी रडली. मी पदर ओला करून तिचं तोंड पुसलं. लहानपणी तुझं पुसायचे तसं.

म्हणाली, "पहिल्यांदा लिवलं तवा मला भ्या वाटलं हुतं, सर बोलावतील म्हणून. खाली गुड आलं. मग रोज वाटायचं, आज तरी कोण वाचंल. मग वाटलं, कोणच वाचत न्हाय, तर काय बी लिव्हावं."

"लिवलंस ते खरं का खोटं?"

रस्त्यावर पोरं फुटबॉल खेळत होती. चेंडू आपल्या दारावर आदळला तरी ती दचकली नाही.

"रोज न्हाय," म्हणाली. "पर हाय."

उदय, हे दोन शब्द ऐकायची भीती मला सहा आठवडे होती. ऐकले. मी बसून राहिले. बाकी काय करायचं असतं ते मला येत नव्हतं.

मी तिला ओझ्याचं सांगितलं. बायडाबाईपुढं तोरा मिरवायला बोलले, चूक झाली. ती म्हणाली, "ठाऊक हाय मला. पर खोटं कुठं हाय ते?" मी म्हटलं, "खोटं हाय. तू यायच्या आधी मी दिवस दिवस तोंड उघडत नव्हते. येरवाळी उठायचं, भाकरी करायची, त्या कागदांतलं दहा शब्द पाठ करायचं. कुणाला म्हणून दाखवायचं, ते ठाऊक न्हवतं. तू आलीस आणि घरात कुणीतरी मीठ जास्त झालं म्हणाय लागलं." ताटलीतला लसूण तिनं माझ्याकडून ओढून घेतला आणि उरलेला सगळा सोलला.

आता तुझं वाक्य सांगते, तिला विचारून. शब्द डेड. अर्थ, मेलेला. 'माझे वडील म्हणतात की मी त्यांच्यासाठी मेले आहे.' तू गल्लीत ओरडून बोललास आणि गाडीला किक मारून गेलास. ती दोन वर्षं ते घेऊन इथं राहतेय. मी तुला शिव्या द्यायला हे लिहीत नाही. तू एक बोललास, मी एक बोलले. तुझं नि माझं तिनं एकाच वहीत लिहून ठेवलंय, सुंदर अक्षरात.

तू तिला न्यायला येऊ नकोस. आलास तर मी दारात उभी राहीन आणि तुला आत घेणार नाही, आणि तू मला ओळखतोस. तिला आत्ता कोडोलीला जायचं नाही. तू फोन कर. माझा नंबर बघून कर. स्थळ काढू नकोस, लोक काय म्हणतात ते काढू नकोस, परीक्षेचंही नको. जेवलीस का, एवढं विचार आणि ती सांगेल ते ऐकून घे. पहिल्या वेळी ती बोलणार नाही कदाचित. तरी दुसऱ्या दिवशी परत कर. तिच्या आईलाही फोन दे. ती तुझ्या चोरून माझ्याशी दोनदा बोललीय, तिच्यावर ओरडू नकोस त्यासाठी.

भीती गेलेली नाही माझी. ती न्हाणीत जास्त वेळ राहिली की मी बाहेरून काहीतरी विचारते, टॉवेल घेतलास का, पाणी गरम आहे का. तिला कळतं मी का विचारते ते. आतून ओरडते, "हाय मी, आत्ती." चिडून ओरडते. चिडते ते मला बरं वाटतं.

तर हे बोलणं रविवारी झालं. त्या रात्री मी तिच्या शेजारी अंथरूण टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन सरकारी दवाखान्यात, सरांच्या चिठ्ठीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, खिडकीवर तिच्या नावाचा केसपेपर काढला, आणि नंबर येईपर्यंत तिच्याशेजारी बाकावर बसले.

आक्का